संपावरचं हळदी-कुंकू

आमच्या घरी गणित पोळपाटावर व्हायचं. आई पोळ्या लाटायला बसली की मी तिच्यासमोर पाट घेऊन बसायची. ती पोळपाटावर चिमूटभर पीठ भुरभुरायची, बोटानं त्यात काटकोन त्रिकोण काढायची, एका कोनात अंश आणि एका बाजूला लांबी लिहायची आणि पोळी तव्यावर टाकायची. पोळी उलटेपर्यंत माझं उत्तर आलं पाहिजे. चुकलं तर ती रागवायची नाही, नुसतं तळहातानं पीठ सारखं करायची आणि म्हणायची, "पुन्हा पाह्य." मग नवा काटकोन. कणकेचा आणि भाजक्या पोळीचा वास आला की अजूनही मला त्रिकोणमितीची धास्ती वाटते. हसू नका. माणसाच्या डोक्यात काय कशाला चिकटून बसेल याचा नेम नसतो.

आई आमच्याच सरकारी मुलींच्या शाळेत गणित शिकवायची, आणि मी त्याच शाळेत दहावीला, तिच्याच वर्गात. शाळेत तिला मॅडम म्हणायचं अशी घरून ताकीद होती. एकदा भर तासात माझ्या तोंडून "आई" निघालं तर वर्ग असा हसला की मी पुढचे कितीतरी दिवस शाळेत तिच्याशी बोललेच नाही. पण मॅडम म्हटलं तरी ती शिक्षिका नव्हती. ती शिक्षाकर्मी होती. हा शब्द महाराष्ट्रातल्या माझ्या मावसबहिणींना कधी कळला नाही. शिकवायचं तेच, फळा तोच, पेपर तपासायचे तेच, पण नोकरी कच्ची, पगार पक्क्या शिक्षिकेच्या पगारापुढे सांगायलाही लाज वाटावी असा, आणि तोही यायचा तेव्हा यायचा. स्टाफरूममध्ये तिच्या शेजारच्या खुर्चीवर एक पक्क्या मॅडम बसायच्या. हिवाळ्यात त्या खुर्ची उचलून मैदानात उन्हाला न्यायच्या आणि स्वेटर विणायच्या. त्यांचे तासही आईच घ्यायची. त्या वाईट नव्हत्या हो, मला एकदा लोकरीचं टोपडंही दिलं होतं त्यांनी. पण त्या विणत राहिल्या तरी पक्क्या, आणि आई फळ्यापाशी उभी राहून पायांना सूज आणायची तरी कच्ची. "इतक्या वर्षांत एक साहेब माह्या वर्गात येऊन बसला नाही," आई म्हणायची. "मी शिकवते का झोपा काढते, त्याईले कसं कळते?"

राज्य नुकतंच नवं झालं होतं आणि आमचं रायपूर एकदम राजधानी. शंकर नगरात आमच्या भाड्याच्या घराच्या आसपास ज्या बंगल्यांत आधी पेरूची झाडं आणि म्हातारी माणसं असायची, तिथे पाट्या लागल्या, संचालनालय, आयुक्तालय, अमुक मंडळ. लाल दिव्याच्या गाड्या सायरन वाजवत जायच्या आणि आमच्या गल्लीतली कुत्री त्यांच्या सुरात सूर मिसळायची. बाबा मंत्रालयात बाबू होते. मंत्रालय भरायचं एका जुन्या दवाखान्याच्या इमारतीत, आणि सुरुवातीला खेड्यांतून लोक पोटदुखी घेऊन थेट बाबांच्या टेबलापाशी यायचे. बाबा त्यांना पाणी पाजून खऱ्या दवाखान्याचा रस्ता सांगायचे. घरी येऊन ही गोष्ट ते रंगवून सांगायचे आणि आम्ही तिघं हसायचो. त्या हिवाळ्यापर्यंत आमचं घर हसणारं होतं, हे मला मुद्दाम लिहून ठेवायचं आहे.

मग शिक्षाकर्म्यांचा संप सुरू झाला. समान काम, समान वेतन. आईसुद्धा सकाळी डबा घेऊन, शाल गुंडाळून धरणं धरायला जाऊ लागली. ज्या बाईनं कधी रस्त्यावर मोठ्यानं हाक मारली नव्हती, ती संध्याकाळी बसलेला घसा घेऊन यायची आणि हळदीचं दूध प्यायची. मला आधी गंमत वाटली. शाळेत गणिताचा तास नाही, विज्ञानाचा नाही, आम्ही पोरी मैदानात बोरं खात बसायचो. पण मैदानातल्या झाडाची बोरं संपली, बोर्डाची परीक्षा जवळ आली आणि ऊँचाई और दूरी हा आख्खा धडा राहिला होता. एका संध्याकाळी मी पोळपाटासमोर पाट मांडला, स्वतःच पीठ भुरभुरलं, काटकोन काढला आणि म्हटलं, "आई, एवढं एकच सांग."

आईनं त्रिकोणाकडे पाहिलं. मग तळहातानं पीठ सारखं केलं. पण "पुन्हा पाह्य" म्हणाली नाही. म्हणाली, "मी संपावर आहे, मंजू."

मला वाटलं ती थट्टा करून राहिली आहे. "मी काय सरकार आहे?"

"वर्गातल्या साऱ्या पोरींचं गणित बंद, अन् एकट्या माह्याच पोट्टीचं चालू? मग मी कायची संपावर? त्याईच्या घरी पोळपाट नाही काय?"

बाबा खाटेवर बसून बूट काढत होते. ते तसेच एका पायात बूट घेऊन उठले. "सुमन, डोकं ठिकाणावर आहे ना तुझं? तुझ्या तत्त्वापायी घरची पोट्टी नापास करशील काय? आम्ही बाबूंनी काम बंद केलं तर फाइल थांबते. फाइलले काही होत नाही. मास्तरीण थांबली तर लेकरू थांबते."

"लेकरू थांबू नये असं वाटते ना साऱ्याले? मंग मास्तरणीले पोटाले काहून नाही देत?"

"देतील. वेळ लागते. नवीन राज्य आहे."

"राज्य नवीन आहे, भूक जुनीच आहे," आई म्हणाली आणि पोळी तव्यावर आपटली. ती फुगली नाही. आम्ही तिघं खाली मान घालून जेवलो. तिवऱ्याच्या कोवळ्या पानांची भाजी होती, माझी आवडती, पण मी ती ताटाच्या कडेला सारून ठेवली. मी आईवर इतकी चिडले होते की तिच्या हातून वाढूनही घेतलं नाही. आणि गंमत अशी की त्याच वेळी कोणी तिला बोललं असतं तर मी त्याला चावले असते. पंधरा-सोळाव्या वर्षी माणसाला दोन्ही जमतं.

त्यानंतर घरात काळजीच येऊन बसली. बाबा रोज संध्याकाळी मंत्रालयातून एकेक बातमी आणायचे आणि लुना स्टँडवर लावता लावताच सांगायचे. सरकार वाकणार नाही म्हणतात. नवीन भरती करणार म्हणतात. सोमवारपर्यंत रुजू झाले नाहीत तर सगळ्यांना काढणार म्हणतात. मी लुनाचा आवाज आला की न्हाणीघरात जाऊन बसायची, म्हणजे निदान ऐकू येऊ नये, पण न्हाणीघराची भिंत ती काय. आई रात्री कूस बदलायची त्याचा आवाज यायचा. नोकरी गेली तर ती परत मिळणार नाही, हे तिलाही कळत होतं. आणि मी नापास झाले तर पुढचं वर्ष तर गेलंच, पण बाबा ते तिला जन्मभर ऐकवतील, हेही कळत होतं. भाऊ-बहीण कोणी नव्हतं मला. भीती वाटून घ्यायला मी एकटीच.

त्याच सुमाराला अमरावतीहून आत्या आली. बाबांची मोठी बहीण, तोंडाची फटकळ, मनाची मऊ, आणि रीतभात म्हणजे तिच्यासाठी जीव की प्राण. संपाचं तिला कोणी नीट सांगितलंच नाही. बाबा म्हणाले, ताईचा रक्तदाब वाढेल. तिला वाटलं शाळेला सुटी आहे. इकडे धरण्याची जागा उठवली होती, मांडव काढून नेला होता, आणि चारपेक्षा जास्त माणसांनी एकत्र यायला बंदी घातली होती. आमच्या भागातल्या बाया-मास्तरणींना सोमवारच्या आत ठरवायचं होतं, परतायचं की नाही. पण बसायचं कुठं? ईश्वरी साहू दीदी, आईची जिवाभावाची मैत्रीण, तिच्याच शाळेत विज्ञान शिकवायच्या. त्या आमच्या ओट्यावर हताश होऊन म्हणाल्या, "का करबो बहिनी? पाँच झन भी नइ बइठ सकन." पाच जणीसुद्धा बसू शकत नाही, काय करायचं.

आई तेव्हा तीळ निवडत होती. ती थांबली. "संक्रांतीचं हळदी-कुंकू राहिलंच आहे माझं," ती म्हणाली. "हळदी-कुंकवाले कोण बंदी घालते?"

असं ठरलं. मराठी, छत्तीसगढी, यूपीवाल्या, ज्या ज्या मास्तरणी, त्या सगळ्यांना शनिवारी संध्याकाळी हळदी-कुंकू. आई आणि मी गोल बाजारात जाऊन वाणाला चहाच्या स्टीलच्या गाळण्या आणल्या. दुकानदार भैयाशी घासाघीस करताना आईचं लक्षच नव्हतं, तो म्हणाला तेवढे देऊन मोकळी झाली, तेव्हा मला कळलं की ती किती घाबरली आहे. बोलावणं करायचं काम आत्याकडे आलं, कारण आत्यानं ते हट्टानं घेतलं. "मी असताना पोट्टी एकटी बोलावणं करीन काय? कुंकू कोण लावीन?" आईनं मला बाजूला घेऊन घरं सांगितली. अमक्या गल्लीतल्या या, पाऱ्यातल्या, म्हणजे मोहल्ल्यातल्या, साहू दीदी, पलीकडच्या त्या. आणखी कोणी नाही. मी हो म्हटलं.

आता आमच्या लोकांची रीत तुम्हाला माहीत आहे. हळदी-कुंकवाचं बोलावणं करताना वाटेतलं सवाष्णीचं घर ओलांडून जायचं नसतं, त्यातही मराठी घर तर नाहीच. परमुलखात तर ही रीत जास्तच कडक. आम्ही दोघी कुंकवाचा करंडा घेऊन निघालो, सगळं सुरळीत चाललं होतं, आणि कोपऱ्यावरच्या बंगल्याच्या फाटकाशी आत्या थबकली. पाटी होती, घाटे. घाटे साहेब शिक्षण खात्यातले मोठे अधिकारी. त्यांच्याच सहीनं नोटिसा निघून राहिल्या होत्या. मी आत्याचा पदर धरून मागे ओढला.

"काहून ओढून राहिली मले?"

"आत्या, इथं नाही. आईनं नाही सांगतलं."

"घाटे म्हणजे आपलेच न वो! मराठी घर अन् सोडून जायचं? लोक काय म्हणतील तुझ्या मायले?"

"आत्या, ऐक ना, ते साहेब आहेत..."

"साहेब असतील त्याईच्या घरचे. बायको तर सवाष्णच आहे ना?" आणि तिनं घंटी दाबली. घाटे काकू स्वतः बाहेर आल्या, नीट इस्त्रीची साडी, हातात चष्मा. आत्यानं त्यांना कुंकू लावलं आणि मोठ्या थाटात म्हणाली, "शनिवारी संध्याकाळी आमच्या सुमनकडे हळदी-कुंकू आहे. नक्की या बरं!" काकूंचा चेहरा असा उजळला की मला रडू आलं. "अरे वा! जरूर येईन. यहाँ कोई बुलाता ही नहीं हमको," त्या म्हणाल्या. त्यांचं घराणं भोसल्यांच्या राज्यापासून रायपुरात, मराठी तोंडात निम्मं हिंदी. नंतर कळलं, नवरा साहेब झाल्यापासून गल्लीत कोणी त्यांना बोलवेनासं झालं होतं.

घरी येऊन मी आईला सांगितलं तेव्हा ती भिंतीला टेकून बसली. आत्याला शेवटी सगळं सांगावं लागलं. आत्यानं कपाळावर हात मारून घेतला, "मायबाई, मले आधी नाही सांगायचं?" आणि मग रडायलाच लागली. बाबा म्हणाले, रद्द करून टाका. आईनं तिळाचं ताट पुढं ओढलं. मग म्हणाली, "बोलावलेली सवाष्ण परत नाही फिरवता येत. येऊ द्या."

शनिवारी संध्याकाळी आमची बैठकीची खोली गच्च भरली. बाबा लुना घेऊन कुठे निघून गेले कोण जाणे. सगळ्यांच्या डोळ्यांत एकच प्रश्न, पण काकू येऊन जाईस्तोवर तो विषय काढायचा नाही असं आईनं दारातच प्रत्येकीच्या कानात सांगितलं होतं. काकू आल्या. आत्यानं घाईघाईनं त्यांना सगळ्यात चांगल्या खुर्चीवर बसवलं. मी मटारच्या उसळीच्या बशा फिरवत होते. आत्यानं दुपारभर बसून सोललेले मटार. काकूंना भोवतीच्या बाया म्हणजे शेजारपाजारच्या गृहिणी वाटल्या. त्या खुशीत होत्या, खूप दिवसांनी बोलायला मिळालेल्या माणसासारख्या बोलत होत्या. उसळीचा घास घेऊन म्हणाल्या, "मटार कितना मीठा है! सोलायला मात्र वेळ लागते. हमारे साहब कहते हैं, सरकारी शाळेतल्या मास्तरणींना द्या सोलायला. उन्हात बसून दिवसभर त्या दुसरं करतात तरी काय? अच्छा झाला नोटीस दिली त्यांना."

मी बशी धरून तशीच उभी. आत्यानं डोळे मिटून घेतले. साहू दीदींनी बशी खाली ठेवली आणि अगदी शांतपणे म्हणाल्या, "हव, छीलते हैं ना मटर. महीनों तनख़ा नहीं आती, तो मटर ही खाते हैं."

काकूंना कळायला क्षणभर लागला. त्यांनी एकेकीच्या चेहऱ्याकडे पाहिलं. मग आईकडे. "तुम्ही... तुम्ही काय करता?"

"मी गणित शिकवते," आई म्हणाली. "सध्या शिकवून नाही राहिली. संपावर आहे. ह्या साऱ्याजणी संपावर आहेत."

मला वाटलं काकू उठून जातील. त्या उठल्या नाहीत. त्यांचा चेहरा लाल झाला होता, पण बाई साधी नव्हती. म्हणाल्या, "मग एक बताइए. पोरींची बोर्डाची परीक्षा तोंडावर आहे. त्यांचं नुकसान होत नाही?"

"होऊन राहिलं," आई म्हणाली. "रोज होऊन राहिलं. ही माझी पोट्टी, हिचंही. मी हिलेही नाही शिकवत." सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला धरणीनं पोटात घ्यावं असं वाटलं. "अन् मटार सोलणाऱ्या आमच्यात नाहीत असं मी नाही म्हणत. आहेत. पण साहेबांनी कधी येऊन पाह्यलं काय, कोण सोलते अन् कोण शिकवते? पाह्यलं असतं तर दोघींले एकच नोटीस नसती आली."

मग आई उठली, हळदी-कुंकवाचं तबक उचललं आणि रीतीप्रमाणे काकूंपासून सुरुवात केली. हळद लावली, कुंकू जरा काकूंच्या नाकावर सांडलं. काकूंनी ते पुसलं नाही. बोरं-हरभऱ्यांची ओटी घेतली, गाळणी घेतली, वाकून नमस्कार केला आणि गेल्या. त्यांच्या मागे फाटक वाजलं तशी साहू दीदी म्हणाल्या, "गे हमर नउकरी." गेली आपली नोकरी. दोघी-तिघी हसल्या आणि हसता हसता एकीला रडू फुटलं. "मोर लइका मन के का होही?" माझ्या लेकरांचं काय होणार, हेच ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. तरी त्यांनी ठरवलं ते ठरवलंच. परतायचं नाही.

रविवार कसा गेला ते सांगता येत नाही. सोमवारही गेला. मंगळवारी आई पोळ्या लाटत असताना शाळेचा शिपाई रामाधीन भैया सायकल घेऊन आला. तो आत येईना. ओट्यावरच उभा राहून टोपी काढली, लिफाफा पुढे केला आणि म्हणाला, "माफ करना मैडम, मैं तो बस लाने वाला हूँ." आईनं त्याला गूळ-पाणी दिलं. हात धुतले, पुसले, मग पत्र वाचलं. सेवा समाप्त. मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होते. आत्या म्हणाली, "माह्यामुळं झालं न वो हे." बाबा त्या दिवशी घरीच होते. ते म्हणाले, "नाही ताई, सगळ्यांना आली आहेत. ज्या हळदी-कुंकवाला नव्हत्या त्यांनाही." त्यांच्या आवाजात मला वाटला होता तसा राग नव्हता. ते नुसतेच खुर्चीत बसून राहिले, आणि मला पहिल्यांदा ते म्हातारे दिसले.

आईनं पत्राची घडी देवामागे ठेवली. पुन्हा पोळपाटासमोर बसली, चिमूटभर पीठ भुरभुरलं आणि बोटानं काटकोन काढला. "मंजू, बस."

मला काही कळेना. "तू तर..."

"आता मी संपावर नाही. संपावर राहायले नोकरी लागते." तिनं अंश आणि एका बाजूची लांबी लिहिली. "कर्ण सांग. आणि हे झालं की जा, वर्गातल्या साऱ्या पोरींले बोलावून आण. एकही घर सोडू नको. तुझ्या आत्याले घेऊन जा, तिले येते बोलावणं करता." आत्या रडता रडता हसली. मला इतकं हलकं वाटलं आणि इतकी भीती वाटली, दोन्ही एकदम, की मी उत्तर चुकवलं. आईनं पीठ सारखं केलं. "पुन्हा पाह्य."

दुसऱ्या दिवसापासून आमच्या अंगणात वर्ग भरू लागला. शेजाऱ्यांकडून आणलेलं दार फळा म्हणून भिंतीला टेकवलं, साहू दीदी विज्ञानाला यायच्या, आत्या सगळ्यांना मुरमुरे द्यायची. गल्लीच्या टोकाला पाण्याची टाकी होती. आईनं पोरींना तिचीच उंची काढायला लावली, एकीला उभं केलं, एकीला पावलं मोजायला. फी नाही, काही नाही. बाबा म्हणायचे, "आता फुकटात शिकवून राहिली, मग आधी काय वाईट होतं?" पण हे म्हणत म्हणत त्यांनीच खडू आणून दिले, आणि जाता-येता फाटकापाशी रेंगाळायचे. घरात पैशाची चणचण होती. आई पहाटे उठून बसायची, मला माहीत होतं. पुढं काय, हे ती कोणाशी बोलत नव्हती.

एक दिवस वर्ग चालू असताना घाटे काकू आल्या, सोबत त्यांची लेक रिचा. इंग्रजी शाळेची पोट्टी, निळा स्वेटर, हातात कंपासपेटी. काकू फाटकाच्या आत येईनात. हळूच म्हणाल्या, "हिलेही बसवाल? गणित में बिलकुल... साहबको नहीं बताया है." साऱ्या पोरी आईकडे बघू लागल्या. साहू दीदींनी तोंड फिरवलं. मला मनातून वाटत होतं आईनं नाही म्हणावं, चांगलं ठणकावून नाही म्हणावं. आई म्हणाली, "बस बेटा. मागं नको, फळा दिसत नाही." रिचाला कर्ण माहीत नव्हता, ती हायपोटेनस म्हणायची. तेवढ्यापुरतं आम्ही तिला चिडवलं, मग राहू दिलं.

असे काही दिवस गेले. एका संध्याकाळी मी सहज फाटकाकडे पाहिलं तर स्कूटर उभी. घाटे साहेब. बायकोनं सांगितलं की पोरीच्या तोंडून निघालं, कोणास ठाऊक. वाटलं आता हेही बंद करणार. आईनंही पाहिलं. तिचा खडू क्षणभर थांबला आणि पुढे चालू लागला. ती टाकीचंच उदाहरण देत होती. एका पोरीला जमेना, तिला तिनं पुन्हा उभं केलं, पुन्हा समजावलं, मग रिचाला फळ्यापाशी बोलावलं. रिचा अडखळली, आई थांबून राहिली, रिचानं बरोबर काढलं. साहेब फाटकावर हात ठेवून सगळा तास उभे होते. आईनं एक क्षणही आधी वर्ग सोडला नाही.

पोरी निघाल्या तसे साहेब दोन पावलं आत आले. "तुम्ही तर चांगलं शिकवता, मॅडम," ते म्हणाले. त्यांना खरोखर आश्चर्य वाटलेलं दिसत होतं.

आईनं हातावरचा खडू झटकला. "हे कागदावर लिहून द्याल काय, साहेब?"

साहेबांनी रिचाचं दप्तर तिच्या हातून घेतलं, विनाकारण बक्कल लावलं. "चल बेटा, देर हो रही है," म्हणाले. स्कूटर सुरू झाली आणि गेली.

आता मी आईच्या तेव्हाच्या वयाच्या पुढे गेले आहे आणि पुढचं सगळं मला माहीत आहे. संप मिटला, समिती बसली, काढलेल्यांना परत घेतलं. पण मधली नोकरी तुटली ती तुटलीच, ती कोणी जोडून दिली नाही. आई निवृत्त होईपर्यंत तिच्या वर्गात दुसरा कोणी साहेब येऊन उभा राहिला नाही. मी गणितात चांगली पास झाले, रिचाही. त्या संध्याकाळी मात्र यातलं काहीच आम्हाला ठाऊक नव्हतं. देवामागे पत्राची घडी होती आणि परीक्षा तोंडावर होती, बस एवढंच. आई पोळ्यांना बसली. बाबा जेवायला बसले, आत्या वाढत होती.

"साहेब आले होते म्हणे," बाबा म्हणाले. "काय म्हणाले मंग?"

"चांगलं शिकवता म्हणाले."

"अन् तू?"

"लिहून द्या म्हटलं."

बाबांचा घास हातात राहिला. "दिलं?"

आईनं पोळपाटावरचं पीठ तळहातानं सारखं केलं. "नाही," ती म्हणाली. "पुन्हा पाहू."